शेवंताबाई, झरी, बांधावर

पुराव्याशिवाय जांभईसुद्धा न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो परभणीच्या वसतिगृहात तीन वर्षं माझ्याच खोलीत राहिला. बोरीचा होता. मेसच्या वरणात मीठ कमी आहे म्हटलं, की शांतपणे विचारायचा, “कोन म्हनलं?” मी म्हणतोय, एवढं त्याला पुरत नसे. संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही सगळ्यांनी गाइडच्या धाकानं घेतलं. यानं त्यात संसार थाटला. आम्हा दोघांचा संग्रह सामाईक होता, आणि त्यात इंग्रजी शोधनिबंधांच्या शेजारी नोंद असायची, ‘शेवंताबाई, झरी, बांधावर, खुरपताना.’ ज्वारीच्या खोडमाशीबद्दल बाईंनी चार गोष्टी सांगितल्या होत्या, म्हणून त्या लेखिका. एकदा मला फाटकाजवळच्या चहावाल्याचीही नोंद सापडली. विषय, पावसाचा अंदाज.

त्याचा प्रबंध द्यायचा शेवटचा दिवस आला. दोन मुदतवाढी संपलेल्या. पाचच्या आत प्रत पोचली नाही तर नोंदणी रद्द आणि सगळी मेहनत पाण्यात. दुपारी दोनला त्यानं संदर्भ शेवटचे ताजे केले, तर तिसऱ्या प्रकरणात माणसांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आदल्या आठवड्यात यादी सुटसुटीत करण्याच्या नादात शेवंताबाईंसारख्या नोंदींचा हा ‘कचरा’ मीच काढला होता, वर कचरापेटीही रिकामी केली होती. त्यानं स्क्रीनवर कायसं उघडून पाहिलं, बंद केलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “तू टाइप कर, मी सांगतो.” मग डोळे मिटून एकेक माणूस सांगत गेला, गाव कुठलं, त्या वेळी हातात काय होतं, सगळं.

सव्वाचारला शेवंताबाईंच्या आडनावाशी गाडी अडली; ते जुन्या नोंदीतही नव्हतं, पण आता त्याला हवंच होतं. मी म्हटलं, जाऊ दे ना तसंच. तो नंबर शोधू लागला. झरीला फोन लावला, दोनदा उचललाच नाही. तिसऱ्यांदा बाई सापडल्या, तर त्यांना प्रश्न पडला की आडनाव नवऱ्याचं द्यावं की बापाचं. घड्याळ पळत होतं आणि बाई सावकाश विचार करत होत्या.

“बापाचंच लाव बाबा,” त्या शेवटी म्हणाल्या. “ज्वारीचं समदं त्यानंच शिकिवलं.”

यावर शहाण्या माणसानं फोन ठेवला असता. यानं बापाची वेगळी नोंद करायला लावली.

पाचला चार मिनिटं असताना कारकुनानं शिक्का मारला. नोंदी मीच काढल्या, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही, पुढंही कधी नाही. आता तो लांब कुठल्याशा कॉलेजात शिकवतो, आणि वरण अळणी लागलं की मला त्याची फार आठवण येते. परवा सहज आमचा जुना संग्रह उघडला. कुणी काय काढलं, याची यादी तिथे एका कोपऱ्यात दिसते. शेवंताबाईंच्या नोंदीपुढं माझं नाव होतं. त्या दुपारी त्यानं उघडून पाहिली ती हीच यादी. तीन वर्षं उठता-बसता ‘कोन म्हनलं’ विचारणाऱ्या त्या माणसानं ‘कोन काढलं’ हे मला एकदाही विचारलं नाही.