साडूंची रबरी कोलंबी

मुंबईच्या उभ्या किनाऱ्यावर माझ्या साडूंइतका माशांचा हितचिंतक दुसरा कुणी नसेल. दर रविवारी ते मुलुंडहून निघून गोराईच्या जेट्टीवर गळ टाकायला येतात आणि एक अपवाद सोडला, तर त्यांच्यामुळे आजवर एकाही माशाच्या दिनक्रमात खंड पडलेला नाही. जेट्टीवरचे इतर गळवाले चांगल्या जागेसाठी पहाटेपासून भांडतात, पण साडू जिथे बसतात तिथली आजूबाजूची जागा कुणालाच नको असते. त्या टापूत मासे पोराबाळांना घेऊन हवापालटाला येत असावेत, असा माझा अंदाज आहे. मी बोरिवलीलाच राहत असल्यामुळे त्यांना सोबत करण्याचं काम नात्याने माझ्याकडे आलं आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वाईचे, आणि शाकाहारी इतके की अंड्यांची गाडी दिसली तर फुटपाथ बदलतात. उभी हयात त्यांनी एका औषधाच्या कंपनीत गोळ्यांची जाडी मोजण्यात घालवली. अशा माणसाने प्रेमात पडावं ते नेमकं आमच्या सासऱ्यांच्या मालवणी घरात! पहिल्या जेवणाला सासूबाईंनी तिसऱ्यांचं सुकं, बांगड्याचं तिखलं आणि तळलेली सुरमई असा थाट मांडला होता. साडूंनी त्या ताटाकडे डोळे भरून पाहिलं आणि अत्यंत अदबीने विचारलं, "थोडं दही मिळेल का?" सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "मासे खाणा नाय, तो जावय कसलो?" एवढं बोलून त्यांनी जे तोंड फिरवलं, ते पुढची कित्येक वर्षं फिरवलेलंच होतं. म्हणजे भांडण असं काही नव्हतं. जावयाला काही सांगायचं असलं की ते मुलीमार्फत सांगत. "तुझ्या घोवाक सांग, पंखो बारीक कर." आणि घोव पंख्याच्या बटणापाशीच उभा असे.

सासूबाई गेल्यावर सासरे, म्हणजे आमचे बाबा, मुलुंडला मुलीकडे राहायला आले. मेव्हणीची शाळेतली नोकरी, ती दिवसभर बाहेर. साडू नुकतेच निवृत्त झालेले. त्यामुळे हॉलमध्ये एका खुर्चीत सासरे, दुसऱ्या खुर्चीत जावई, आणि निरोप पोचवणारं मधलं माणूस घरात नाही, अशी परिस्थिती झाली. दुपारी चहा हवा असला तर बाबा भिंतीवरच्या गणपतीला सांगत आणि साडू तो करून आणत. साडूंचे वडील ते लहान असतानाच वारले होते. या म्हाताऱ्याने एकदा, फक्त एकदा तरी आपल्याकडे बघून आपल्याशी बोलावं, ही त्यांची एकच इच्छा होती. त्यांनी क्रिकेट काढून पाहिलं, राजकारण काढून पाहिलं, दाढदुखी काढून पाहिली. बाबांचा चेहरा हलला तो एकदाच, टीव्हीवर कुणीतरी खाडीत गळ टाकून बसलेला दिसला तेव्हा. गावाकडे गरी टाकून मासे धरण्यात बाबांचा हात कुणी धरत नसे, हे मेव्हणीने सांगितलं. झालं, साडूंनी दुसऱ्याच दिवशी गळाची काठी आणली.

काठी आली, पण गळाला लावायचं काय? गांडूळ पाहून त्यांना भोवळ आली. मग जेट्टीवर कुणीतरी हातावर इवलीशी जिवंत मासळी ठेवली. तिने शेपटी झाडली तशी साडूंनी ती पाण्यात टाकून दिली आणि वर तिला "सॉरी" म्हटलं. या धर्मसंकटातून त्यांना मोबाइलने सोडवलं. परदेशातला एक दाढीवाला घरच्या घरी मऊ प्लास्टिकच्या अळ्या ओतून त्यांच्यावर मोठमोठे मासे पकडतो, असा एक व्हिडिओ त्यांना सापडला. अळीची किळस, म्हणून साडूंनी कोलंबी निवडली. मांसाहारी माशालाही पूर्ण शाकाहारी पद्धतीने पकडता येतं, हा साक्षात्कार त्यांना त्या दिवशी झाला. साक्षात्कार झालेला माणूस एकवेळ परवडतो, पण व्हिडिओ पाहून साक्षात्कार झालेला माणूस घरच्यांचा अंत बघतो.

मग मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत कारखाना सुरू झाला. साबणाच्या डब्या, श्रीखंडाचे डबे, मेव्हणीचा पोळ्यांचा डबा, जे हाताला लागेल त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून साचे घातले जाऊ लागले. बाटलीतलं ते प्लास्टिक दिसायला दुधासारखं. तापवलं की आधी दह्यासारखं घट्ट होतं आणि मग काकवीसारखं पातळ. ते साच्यात ओतायचं, आणि निवलं की लिबलिबीत कोलंबी बाहेर काढायची. रंगासाठी रांगोळीच्या दुकानातली चमकी. वासासाठी परदेशी दाढीवाला लसणाचा अर्क घालत असे, पण तेव्हा चातुर्मास असल्यामुळे साडूंनी बडीशेपेचा घातला. "अहो, मासा हे जेवायच्या ऐवजी खाणार की जेवण झाल्यावर?" असं मी विचारलं, तेव्हा "बडीशेप त्यालाही चालते म्हणे, शास्त्र आहे ते," असं उत्तर मिळालं. तयार झालेली प्रत्येक कोलंबी ते जाडी मोजायच्या पट्टीने मोजत आणि केसभर कमी-जास्त भरली तर बाद करून पुन्हा वितळवत. समुद्रात इतक्या एकसारख्या कोलंब्या परमेश्वरालाही जमलेल्या नाहीत.

या सगळ्याचा वास मात्र शास्त्रात बसणारा नव्हता. त्यांच्या सोसायटीत बहुतेक मंडळी शाकाहारी. मेव्हणी बिचारी लग्न झाल्यापासून बांगडा तळायचा तर खिडक्या लावून, उदबत्त्या पेटवून, चोरून तळत असे. एका संध्याकाळी साडूंच्या पातेल्यातलं प्लास्टिक करपलं आणि जिन्याने धुराचा लोट निघाला. कुणी गॅस गळतोय म्हणून ओरडलं, कुणी मीटर बंद केला. शेवटी सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले. मेव्हणी कडाक्याचं भांडण होणार या तयारीने पदर खोचून पुढे झाली. सेक्रेटरी आत डोकावले, त्यांनी ते पातेलं पाहिलं, साडूंच्या हातातली जांभळी चमकदार वस्तू पाहिली आणि हात जोडून म्हणाले, "भाभी, प्लीज. इससे अच्छा आप मच्छी फ्राय करो ना यार!" त्या दिवसापासून मेव्हणी उघड्या खिडकीत बांगडा तळते. साडूंच्या छंदाने समाजाचं झालेलं हे एकमेव भलं.

पण मासा काही लागेना. साडूंनी रंग बदलला, चमकी बदलली, दोर बदलला, माझी टोपी भडक आहे म्हणून तीही बदलायला लावली. पाणी मात्र शांत. एका दुपारी ते हॉलमधल्या टीपॉयवर नव्या कोलंब्या ओळीने मांडून मोजत बसले होते. समोरच्या खुर्चीतून बाबा बराच वेळ बघत होते. त्यांनी एक उचलली, चष्मा वर केला, उलटीपालटी केली. कोलंबीला मालवणीत सुंगट म्हणतात. बाबांनी गणपतीकडे बघितलं नाही, मुलीला हाक मारली नाही. थेट साडूंकडे बघून म्हणाले,

"ह्या सुंगट? मगे हेची टकली खंय?"

साडूंनी पाहिलं. खरंच, एकाही कोलंबीला डोकं नव्हतं. पाय नव्हते, कवच नव्हतं, मिशा नव्हत्या. त्याचं असं झालं होतं की साच्यासाठी नमुना हवा म्हणून साडूंनी मेव्हणीच्या फ्रिजमधली कोलंबी घेतली होती. ती बाजारातून आल्याआल्या सोलून, धागा काढून, हळद-मीठ लावून ठेवलेली. या सद्गृहस्थाने जन्मात कोलंबी पाहिली होती ती बायकोच्या कढईत, त्यामुळे ती पाण्यातही अशीच वाकडी होऊन, कपडे उतरवून फिरते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. इतके महिने ते गोराईच्या माशांना चमकी लावलेला कोलंबी-मसाला दाखवत होते!

दुसरा कुणी असता तर शरमेने मान खाली घालून बसला असता. साडूंनी रात्री मला फोन केला. "साडूभाऊ, बाबा बोलले माझ्याशी." काय बोलले ते सांगायचं त्यांना सुचलंच नाही, ते मला नंतर मेव्हणीकडून कळलं.

त्यानंतर त्या घरात बोलण्याला तोटा राहिला नाही. प्रेमाचं बोलणं नव्हे, नुसती खरडपट्टी. "डोळो खंय? मासो खुळो नाय, हां!" मग डोळ्यांना मोहरीचे दाणे आले. "मिशी खंय?" मग केरसुणीचे हीर आले. बाबा सकाळी उठले की आदल्या दिवशीची कोलंबी मागत आणि तिचे दोष काढायला बसत. साडू सुखाने ऐकत. मला तर वाटतं, पुढे पुढे ते एखादी चूक मुद्दाम ठेवत असावेत.

आणि मग एका रविवारी बाबा स्वतः गोराईला यायला तयार झाले. मिशावाली, डोळेवाली, सरळ अंगाची नवी कोलंबी साडूंनी गळाला लावून काठी त्यांच्या हातात दिली. तासभर काही झालं नाही. साडू इतके घामाघूम झाले होते की त्यांना बघवेना. "चहा घेऊन येतो," म्हणून ते उठले आणि टपरीकडे गेले. त्यांची पाठ वळली मात्र, म्हाताऱ्याने गळ वर ओढला. रबरी कोलंबी काढून शर्टाच्या खिशात टाकली, शेजारी जाळं टाकणाऱ्या माणसाकडून एक जिवंत कोलंबी मागून घेतली, सफाईने गळाला टोचली आणि दोर परत पाण्यात सोडला. मी आ वासून बघत होतो. "तू गप रव, हां," एवढंच ते मला म्हणाले.

साडू चहा घेऊन येतात तोच काठी वाकली. बाबा ओरडले, चहा सांडला, मी दोर धरला आणि चांगली हातभर तांबोशी कट्ट्यावर तडफडू लागली. "लागलो! तुमच्या रबराच्या सुंगटाक लागलो, जावयबापू!" बाबांचा आवाज पार फेरीबोटीपर्यंत गेला असेल. जावयबापू! लग्नानंतर पहिल्यांदा. साडू पुढे झाले. "गळ मी काढतो," म्हणाले आणि आमच्याकडे पाठ करून माशावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना मळमळतंय. शेवटी वळले, डोळे ओले होते, म्हणाले, "बाबा, कोलंबी तुटून पाण्यात गेली हो." मी जीभ चावून समुद्राकडे बघत राहिलो. इतका भोळा माणूस देवाने कुठल्या साच्यात ओतला, असं वाटलं.

पुढे दोनेक वर्षं बाबांनी भेटेल त्याला ती तांबोशी सांगितली. दर वेळी ती थोडी वाढत गेली आणि दर वेळी शेवटी "आमच्या जावयान केलेल्या सुंगटार" हे शब्द ठासून येत. मग बाबा गेले. साडूंनी कोलंब्या ओतायचं सोडलं नाही, रविवारही सोडला नाही.

मागच्या महिन्यात आम्ही दोघे जेट्टीवर बसलो होतो. मासे नेहमीप्रमाणे सुरक्षित होते. मला राहवेना. म्हटलं, "साडूभाऊ, त्या दिवशी..."

"माहिती आहे," ते म्हणाले. "खरी कोलंबी होती. त्या माशाच्या तोंडातून मीच ओढून काढली की. हाताला काय वाटलं म्हणून सांगू! पाण्यात टाकली पटकन, तुम्हाला दिसायच्या आत." मग दोर ओढत म्हणाले, "रबरी त्यांच्या खिशात होती. शर्ट धुवायला टाकताना मिळाली. सकाळी तीच पुसून त्यांच्या हातात दिली, म्हटलं नवीन केलीय. बघितली उलटसुलट करून. म्हणाले, ह्या सुंगट आधीच्यापेक्षा बरा झाला."

"म्हणजे त्यांनी ओळखली?"

"ओळखलीच असणार. त्यांची नजर." साडूंनी दोर गुंडाळला, कोलंबीच्या मिशा बोटाने सरळ केल्या आणि परत पाण्यात सोडली. "मासा मला कुठे खायचा होता हो? बाबा बोलत होते ना माझ्याशी."