असुरक्षित जागा

मावशी कुणाच्याही घरी गेल्या की बसण्याआधी दाराची कडी बघत. बघत म्हणजे नुसती नजर टाकत असं नाही. कडी ओढायच्या, सरकवायच्या, दार आतून लावून एकदा ढकलून पाहायच्या, आणि मगच पदर सावरून खाली टेकायच्या. खुर्ची पुढे केली तरी खालीच.

आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा चहा गार झाला आणि या मोरीच्या दारापाशी उभ्या. "सर, ही कडी ढिली हाय. तुमची पोरगी अंघोळीला जाती ना हितं?"

आमच्या मंडळींना ते लागलं. "आमच्या घरात कोण येतंय दार ढकलायला?"

"कुणी न्हाई, वैनी. पर कडी कुणी येतंय म्हणून नसती. आत असनारीला निवांत वाटावं म्हणून असती."

मी दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला.

जुन्नरच्या कॉलेजात मी अकरावी-बारावीला मराठी शिकवत होतो. मावशींची ओळख तिथलीच. तुमच्याही गावात अशी एखादी बाई तुम्ही पाहिली असेल. प्रवेशाच्या दिवसांत ती दरवर्षी नव्या मुलीला घेऊन खिडकीशी उभी असते, आणि मुलगी तिच्या नात्यातली नाही हे मुलीच्या आणि तिच्या तोंडवळ्यावरून कळतं. मावशी धनगराच्या. सासरची मेंढरं सासऱ्यांबरोबर संपली. नवरा लवकर गेला. पुढची वीस-बावीस वर्षं त्यांनी आंबेगावच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेत भाकऱ्या थापल्या. ठाकर, महादेव कोळी, कातकरी, सगळ्यांच्या पोरी त्यांच्या हातचं खाऊन मोठ्या झाल्या.

निवृत्त झाल्यावर एकदा आळेफाट्याला बहिणीकडे जाताना त्या एका हॉटेलात चहाला थांबल्या. मागे भांडी घासत होती ती त्यांच्याच शाळेतली पोर. सात वर्षं त्यांनी तिला वाढलं होतं. दहावी झाली, पुढे वसतिगृहात जागा मिळाली नाही, गावाकडे कुणी विचारणारं नाही, म्हणून कुणीतरी कामाला आणून सोडली. मावशींनी विचारलं, "झोपती कुठं?" तिने मागची खोली दाखवली. त्या खोलीला कडी होती, पण ती बाहेरून होती.

मावशींनी चहा अर्धा टाकला आणि पोरीला हाताला धरून एसटीत बसवलं. मालक रस्त्यापर्यंत मागे आला होता. "आवं बाई, कामाची मानसं अशी न्हेतात व्हय?" मावशी म्हणाल्या, "मानूस न्हाई, लेकरू हाय. आणि आता ओरडला तर मी बी ओरडीन, आख्ख्या फाट्याला ऐकू जाईल."

ती पहिली. मग तिने दुसरीचं सांगितलं, दुसरीने तिसरीचं. जुन्नरच्या कडेला मावशींचं तीन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं, आणि मागे मेंढरांचा जुना गोठा. गोठ्याला त्यांनी भिंती घातल्या, फरशी टाकली, खिडक्या बसवल्या. मी चेष्टेने विचारलं, "मावशी, मेंढरं सांभाळणं सोपं का पोरी?" त्या म्हणाल्या, "मेंढरं, सर. मेंढरं टीव्हीच्या रिमोटवरनं भांडत न्हाईत."

संध्याकाळी दिवेलागणीला त्या ओट्यावर उभ्या राहून एकदा सगळ्यांवर नजर फिरवत. मोजत नसत. "मोजायचं काय? कोन न्हाई ते दिसतंच की." शेवटी शेवटी अकरा मुली होत्या. कुणी कॉलेजात, कुणी आयटीआयला, एक शिवण शिकणारी. सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा आणि सगळ्यांनी मिळून मावशींचा आरडाओरडा ऐकायचा. "भाकरी हाय का नकाशा?" हे वाक्य मी रस्त्यावरून जाताना कितीदा ऐकलं असेल.

आळीतल्या लोकांचा हातभार होता, हे सांगायला हवं. कुणाच्या घरून ताक यायचं. आणे गावच्या एका शेतकऱ्याने दोन वर्षं बाजरी पोचवली. शिंपी गणवेश शिवून द्यायचा, तोही पोरींची थट्टा करत करत. लोक चांगले होते. चांगलं असायला फार काही लागत नव्हतं तोपर्यंत ते चांगले होते.

सुमन मढ गावाच्या वरच्या एका ठाकरवाडीतली. बाप वारलेला, आई दुसऱ्या घरी गेलेली. दहावीला चांगले मार्क घेऊन आली होती. तिला नर्स व्हायचं होतं. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि शंका विचारायची ती थेट, उठून, आवाज न चोरता. "सर, कवीला हे खरंच वाटलं व्हतं का, का लिहायचं म्हणून लिहिलं?" तीस वर्षांत मला हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही.

तिला सतरावं लागलं नव्हतं तेव्हा तिचा चुलता दोन माणसं घेऊन मावशींच्या ओट्यावर आला. लग्न ठरवलं होतं. नवरा बिजवर, पिकअप चालवणारा.

"पोरगी आमची हाय, आमी न्यायला आलोय."

"आजवर कुठं व्हतात?"

"ते तुमाला काय करायचंय? तुमी तिच्या कोन?"

मावशी म्हणाल्या, "कोनीच न्हाई. म्हणून तर तिचं वय माझ्या ध्यानात हाय."

त्यांनी शाळेचा दाखला घेतला, सुमनला घेतलं आणि पोलीस ठाण्यात जाऊन बसल्या. लग्न थांबलं. मावशींनी त्या दिवशी अकरा जणींना शिरा करून घातला. मीही खाल्ला.

चुलता मग तालुक्यातल्या एका पुढाऱ्याकडे गेला. वाडीची मतं पुढाऱ्याला हवी होती. महिन्याभरात तालुक्याला तक्रार गेली: अमुक बाई परवानगी नसताना अल्पवयीन आदिवासी मुली घरात ठेवते, हेतू संशयास्पद. खाली आळीतल्या चौदा जणांच्या सह्या. त्यातल्या पाच घरांतून मावशींकडे ताक यायचं.

पाहणीसाठी तिघांची समिती नेमली गेली. एक तरुण अधिकारी, एक डॉक्टरीणबाई, आणि शिक्षण क्षेत्राचा प्रतिनिधी म्हणून मी. मला वाटलं, बरं झालं, आपला माणूस आत असलेला चांगला.

अधिकारी वाईट नव्हता. टेप लावून खोल्या मोजल्या. दर मुलीमागे किती जागा, आग विझवण्याचं नळकांडं आहे का, कॅमेरे आहेत का, पदवीधर अधीक्षिका कोण, नोंदणीचा कागद कुठे. मावशी त्याच्या मागे मागे फिरत होत्या. "साहेब, परत्येक दाराला आतून दोन दोन कड्या हायेत. लावून बघा. आणि हे लिवा."

तक्त्यात कडीचा रकाना नव्हता. मी लिहिलं नाही.

अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी चांगलं. तो अधिकारी म्हणाला, "सर, नियमाच्या भाषेत लिहा, म्हणजे वरून परत येणार नाही." मी लिहिलं. वेगळं मत नोंदवता आलं असतं, खाली चार ओळींची जागा होती. माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती आणि पुढारी आमच्या संस्थेच्या मंडळावर होता. मी त्या चार ओळींवर तिरपी रेघ मारली.

आठ दिवसांनी मावशी कॉलेजात आल्या, हातात तो कागद. त्यांना वाचता यायचं, पण सरकारी कागद त्या दुसऱ्याकडून वाचून घेत. "वाचा, सर."

मी वाचत गेलो. "...सबब सदर ठिकाण मुलींच्या निवासासाठी असुरक्षित असल्याचे समितीचे मत आहे."

"असुरक्षित?"

"हो."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि जवळ धरून पाहिला. मूळ अहवालाची झेरॉक्स जोडलेली होती. "हे अक्षर कुनाचं?"

"माझं."

त्यांनी एका ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चांगलं हाय. वळणदार." आणि कागदाची घडी करून निघून गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. सहा मुलींना लांबच्या शहरातल्या एका संस्थेत नेलं. पाच जणींना त्यांच्या घरच्यांकडे दिलं. त्या पाचांत सुमन. कागदावर शब्द होते 'पालकांच्या सुरक्षित ताब्यात'. ते माझे शब्द नव्हते, पण माझ्या शब्दामागूनच ते आले. चुलत्याने अंगठा उठवला. सुमनने अधिकाऱ्याला विचारलं, "साहेब, मला कुनी इचारनार न्हाई का?" तो फाइल चाळत राहिला.

लग्न घाटापलीकडच्या एका देवळात लागलं, जिथे वय विचारायला कुणी नव्हतं. मावशी पोलिसांकडे गेल्या. या वेळी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. तुम्ही तिच्या कोण, हा प्रश्न आता कागदावर आला होता.

वर्ष उलटायच्या आत एका दुपारी त्या स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"सर, सुमन गेली. बाळातपनात. पोर बी न्हाई राहिलं."

मी "अरेरे" म्हटलं. 

"एक काम व्हतं. तिचं नाव कॉलेजातून काढा. तिच्या वर्गातल्या पोरी सांगत्यात, हजेरीला अजून पुकारत्यात. बरं न्हाई दिसत."

खरंच पुकारत होते. मीच पुकारत होतो. यादी बदलून आली नव्हती, आणि मी रोज ते नाव घेऊन, क्षणभर थांबून, पुढे जात होतो.

त्यानंतर मावशींनी नोंदणीसाठी खेटे घातले. अर्ज केले, ते परत आले. पदवीधर अधीक्षिका म्हणून त्यांच्या पहिल्या पोरीने, त्या आळेफाट्याच्या हॉटेलातल्या, बाहेरून बी.ए. केलं. तोवर नियमात अनुभवाची अट आली. एका उन्हाळ्यात मावशींचा डावा हात लुळा पडला, आणि मग खेटे थांबले.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. शोकसभा पंचायतीच्या सभागृहात झाली. पुढारी म्हणाला, "आदिवासी लेकींची माय हरपली." चौदा सह्यांपैकी नऊ जण समोर बसले होते. लांबून आलेल्या तीन मुली मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना बोला असं कुणी म्हटलं नाही. मी बोललो. चांगलं बोललो, असं नंतर लोक म्हणाले.

पण मावशींना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी तीन-चार महिने, जुन्नरच्या स्टँडवर. मी भाजी घेऊन चाललो होतो. त्या बाकावर बसलेल्या, लुळा हात मांडीवर. शेजारी पंधरा-सोळा वर्षांची एक पोर, कापडी पिशवी छातीशी धरलेली. मढकडच्या गाडीतून उतरली होती. मावशींचं नाव विचारत विचारत आली होती. वाडीत ते नाव अजून चालू होतं.

"बाळा, आता तसं न्हाई राहिलं," मावशी तिला सांगत होत्या. "तुला ठिवली तर उद्या मला न्हाई, तुलाच धरून न्हेतील."

"घरी गेले तर लगीन लावतील, मावशी."

"ठावं हाय."

मग त्यांनी मला पाहिलं. "सर, तुमचा मुलगा पुण्याला असतो ना आता? वरचा मजला रिकामाच हाय म्हणं."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "हो... पण पाव्हणे येतात अधूनमधून."

मावशींनी मान हलवली. राग नव्हता. "बरुबर हाय. पाव्हण्यांना जागा लागती."

गाडी फलाटाला लागलेलीच होती, तीच परत जाणार होती. मावशी एका हाताने दांडी धरून पोरीबरोबर वर चढल्या, तिला खिडकीशी बसवलं आणि खाली उतरल्या. कंडक्टरने घंटी दिली. मुलगी काचेतून त्यांच्याकडे बघत होती. मावशींनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडेही बघत नव्हत्या. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत त्या पाठ करून, रिकाम्या फलाटाकडे तोंड करून उभ्या होत्या.