वरच्या देवीची वाट

मुलाच्या आईने अट सरळ सांगितली, आणि मला ते आवडलं. आडून बोलणाऱ्या बायकांचा मला कंटाळा आहे.

"पोरगी पसंत हाय," त्या म्हणाल्या. "पन आमच्या घरात आलेल्या सुनेनं वरच्या देवीची ओटी आपल्या पायानं जाऊन भरायची असते. डोली नाय, कुनाच्या पाठीवर नाय. लगीन झाल्यावर हिला जमलं नाय तर गावात तोंड कुनाला दाखवू? म्हनून आधीच चढून दाखवू दे."

माझ्या मुलीच्या उजव्या पायात सळई आहे. कॉलेजात असताना हायवेवर टेम्पोने तिला स्कूटीसकट उडवलं. गुडघा मोडला, नडगीची हाडं जुळवून बसवावी लागली. आता ती नीट चालते, थकली की लंगडते. दोन स्थळं पायावरूनच परत गेली होती. हा मुलगा मात्र तिने स्वतः निवडलेला. महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये दोघं शेजारी शेजारी काम करायची. तिला तोच हवा होता. दुसरा बघू का, असं एकदा विचारलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यांचं गाव पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. देवी त्याच्या डोक्यावर, पठाराच्या कडेला. मधलं सगळं जंगल वनखात्याचं, राखीव. तिथे रस्ता झाला नाही आणि होणारही नाही.

मी जेवणाच्या डब्यांचा धंदा करते. रडत बसण्यापेक्षा तयारी केलेली बरी, हे मला कळतं. दर रविवारी मी तिला रायगडाच्या पायऱ्या चढायला लावल्या. सुरुवातीला महादरवाज्यापर्यंतही दम टिकेना. नंतर तरणी पोरंही तिच्या मागे राहायला लागली. खाली येताना आम्ही रोपवेने यायचो, कारण मला संध्याकाळच्या डब्यांची भाजी टाकायची असायची. "चढून दाखवू दे," असंच त्या म्हणाल्या होत्या. चढणं म्हणजेच परीक्षा, असं आम्ही दोघींनी धरलं.

दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही गेलो. माझा नवरा आणि मुलाचे वडील गाडीपाशीच थांबले. दोघांनाही दम लागतो. वर निघालो चौघं: मुलाची आई पुढे, हातात कोयता, पायात रबरी चपला. मागे मुलगा, मग माझी मुलगी, शेवटी मी.

तिच्या नव्या बुटांकडे बघून त्या म्हणाल्या, "बुटाचं लगीन लावायचं हाय की पोरीचं?"

"बूट माहेरचे आहेत काकी," मुलगी म्हणाली. "पाय तुमच्याकडे येणार आहेत."

"आनि सळई गो? ती कुनाकडं?"

मुलगा हसला. मुलगीही हसली. मी हसले नाही. सासूचं तोंड आधी कळलेलं बरं.

चढ खडा होता. कारवीच्या दांड्यांतून वाट, वर दगडांत खोदलेल्या पावट्या. त्या मुद्दाम झपझप चालत होत्या आणि मधूनमधून मागे वळून तिच्या पायाकडे बघत होत्या, बाजारात म्हैस बघतात तशा. मुलगी एकदाही थांबली नाही. थांबला तो मुलगा. एका उंबराखाली बसून त्याने अर्धी बाटली पाणी पिऊन टाकलं.

"उठ रे," त्याची आई ओरडली. "देवी तुझी परीक्षा घेत नाय."

वर पोचल्यावर मुलीचा चेहरा लाल झाला होता, पण पाय सरळ होता. देवी म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड, भोवती चार दगड. मी खण-नारळ आणला होता. मुलाच्या आईने तो माझ्या हातातून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"ओटी सुनेनं भरायची. ही अजून सून नाय. नुसती पाया पडू दे."

मुलगी पाया पडली. त्या वेळी ती किती खूश होती, ते मी बघितलं.

मग उतरायला लागलो.

वाळलेलं गवत, त्याखाली सुटी खडी. चढताना खडी जाणवत नाही, कारण जोर वरच्या बाजूला असतो. उतरताना सगळं वजन गुडघ्यावर येतं, आणि तिचा गुडघा अर्धाच वाकतो. पहिल्या टेपाडावरच पाय थरथरायला लागला. दुसऱ्यावर ती घसरली आणि एका करवंदीच्या जाळीत जाऊन अडकली. दोन्ही तळव्यांत काटे.

मुलगा तिच्या पुढेच होता. तो वळला, दोन पावलं वर आला आणि हात पुढे केला.

"हात देऊ नको," खालून त्याची आई म्हणाली. आवाज चढवलाही नाही. "रोज देनार हायस काय?"

त्याने आईकडे बघितलं, मग मुलीकडे. मग हात खिशात घातला. खिशातून मोबाइल काढला आणि बघत उभा राहिला. तिथे रेंज नव्हती.

मीही हात दिला नाही. दिला असता तर सगळं तिथेच संपलं असतं आणि ते मला तिने आयुष्यभर ऐकवलं असतं. मी एवढंच म्हटलं, "बसून उतर."

ती बसली. चांगली पँट घातलेली माझी एकवीस हजार पगाराची मुलगी बुडावर घसरत, तळवे टेकत, दुखरा पाय पुढे धरून खाली आली. कुठेकुठे ती ओरडायची, पण तोंड दाबून. मुलाची आई प्रत्येक वळणावर थांबून वाट बघायची.

"बरं झालं," एकदा त्या म्हणाल्या. "देवीची वाट झाडून निघाली."

मुलगा हसला. या वेळी मुलगी हसली नाही.

खाली गाडीपाशी त्या हातपाय धुऊन आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चढली हाय ती. उतरायचं मी बोलले नव्हते. मी शब्दाला पक्की हाय. आमच्याकडून होय. तुमचं सांगा."

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तिला विचारून सांगते."

ती गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून पडली होती. मी सेफ्टी पिनेने तिच्या तळव्यातले काटे काढायला लागले.

"त्या हो म्हणाल्या का?" तिने विचारलं.

"म्हणाल्या. त्याने हात मागे घेतला, ते बघितलंस ना?"

"मी पायाखाली बघत होते."

"हात तुझ्या तोंडासमोर होता."

"हात तूही दिला नाहीस."

"मी तुझ्याशी लग्न करणार नाहीये," मी म्हटलं.

काटा खोल होता, पिनेच्या टोकाने मांस उकरावं लागलं. तिने हात ओढला नाही. बाहेर मुलगा माझ्या नवऱ्याला चहा देत होता, दोन्ही हातांनी, वाकून. ती काचेतून त्याच्याकडे बराच वेळ बघत होती.

"दुसरा कोण येणार आहे?" ती म्हणाली. हे ती मला विचारत नव्हती.

"हो सांग त्यांना," ती म्हणाली.

मी पिन पुसली, गाडीतून उतरले आणि जाऊन हो सांगितलं.