जाळीतून आलेला ताईत

१९६१ साल. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, चांदूर बाजारले कापसाच्या जिनात कामाले. दुसरी शिकलेला माणूस आहे, लिहिण्यात चुका असतील तं असू द्या — पण भूत, करणी, गंडे-ताईत मी कधी मानले नाही. आजही मानत नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव अन् ताईत मीच पूर्णा नदीत टाकले. आजही टाकीन. त्यात माह्या बायकोचा, शेवंताचा, ताईत होता... चांदीचा, एका बाजूनं चेपलेला. तिच्या मायनं लहानपणी बांधलेला. माय कवाचीच वारली होती.

मंग तिले खोकला लागला. अमरावतीले एक्सरे काढला. प्लेट धुरकट, अन् छातीत पांढरा डाग. डॉक्टर म्हणे, "टीबी दिसतो. दवाखान्यात ठेवावं लागेल. लेकराला अंगावर पाजू नका."

लेक तान्ही! इकडं लेक रडे, तिकडं शेवंताचा पदर ओला होये, अन् मी दोघींच्या मधात उभा...

कोणी सांगतलं, अकोल्याले एका दवाखान्यात मशीनले नवी जाळी लावली, साफ दिसते. लेकीले खांद्यावर घेऊन गेलो.

तिथला एक्सरेवाला मोठा बोलका. "तुमची प्लेट धुरकट काहून आली? बाई अंगानं भरलेली. जाड अंगात किरण फुटते, वाकडंतिकडं पसरते, सारं धुकं करते. ही शिशाच्या पट्ट्यांची जाळी वाकड्या किरणाले अडवते. सरळ आला त्यालेच जाऊ देते."

"मले जाड म्हणून राहिला काय हा?" शेवंता माह्या कानात म्हणे. कितीक दिवसांनी तिच्या तोंडावर हसू पाह्यलं.

नर्सबाईनं तिच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत काढून माह्या हातात देली. आतून आवाज आला — "श्वास रोखा!" दाराबाहेर मीही रोखला. "सोडा!"

प्लेट ओलीच होती, तं डॉक्टरनं आत बोलावलं. चिडला होता. "फुप्फुसं साफ आहेत. डाग कसला, हा ताईत आहे! काढायला सांगितला होता ना?"

पाह्यलं. लांबट, दोन कड्या... एका बाजूनं चेपलेला.

"आमी बौद्ध आहोत साहेब. आमच्या घरात ताईत नाही."

"मग हे काय आहे?"

नर्सबाई म्हणे, मी सोता पाह्यलं, गळ्यात काहीच नव्हतं. डॉक्टर तिच्यावरच ओरडला.

बाहेर येऊन शेवंताले विचारलं, "लपवून ठेवला होता काय?"

"अजी, तुमी फेकला तेव्हा मी काठावरच तं उभी होती." एवढंच बोलली, अन् लेकीले पदराखाली घेतलं. मी हात पुढं केला, पण अडवू शकलो नाही. त्या रात्री अकोल्याच्या धर्मशाळेत माहा जीव एकाच गोष्टीत अडकला — ताईत खोटा, तं फुप्फुसं साफ हे तरी खरं कसं? अन् लेक पिऊन राहिली...

तिचा खोकला पुढं आपोआप गेला. लेकीले काही झालं नाही. पण वाकडं ते जाळी अडवते म्हणे. मंग हा ताईत सरळ आला — कुठून? मले आजवर समजलं नाही, अन् ज्याले समजलं असा कोणी भेटला नाही.

धर्मशाळेतल्या त्या रात्रीनंतर, सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच मी दारात जाऊन बसलो. एक्सरेवाला आला तसं म्हणलं, "हिची पुन्हा काढा."

शेवंता जागची हालली नाही. "राहू द्या, अजी. आहे तं असू द्या."

मंग मीच सदरा काढला.

"तुमाले काय झालं?" एक्सरेवाला हसला.

"मले काही नाही झालं. तुमची मशीन पाह्याची आहे. जाळी लावा."

थंड्या प्लेटीले छाती लावली, श्वास रोखला. माही प्लेट साफ निघाली... नुसत्या बरगड्या.