खाटेवरून आलेली हाक
फिनेलचा वास आला की मला नगरच्या सरकारी दवाखान्यातला तो लांब, ओलसर व्हरांडा आठवतो. माझं इंटर सायन्स झालं होतं आणि मेडिकलच्या अर्जाला प्रकृतीचा दाखला जोडायचा होता, म्हणून पारनेरहून वडिलांबरोबर आले होते. दुष्काळाचं साल, भर दुपार. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत एवढी शांतता, की माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा झाला. वडील रांगेत थांबले. मी प्यायचं पाणी शोधत पुढे गेले, तेव्हा बाकावरून एक म्हातारी उठली. माझं पांढरं पातळ बघून तिला मी डॉक्टरीण वाटले असावे. "बाई, आलात का? कवाधरनं तुमची वाट बघत्यात," म्हणत तिनं मला हाताला धरून आत नेलं. खाटेवर तिचा नवरा डोळे मिटून पडला होता. काय करावं ते न सुचून मी त्याचं मनगट धरलं. त्यानं डोळे उघडले आणि मला घरच्या लाडक्या नावानं हाक मारली. आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणीच बोलावलं नव्हतं. मग बोटांखालची नाडी थांबली. धावत आलेल्या नर्सला मी सांगितलं, हे आत्ता बोलले. ती म्हणाली, "आणल्यापासून हे शुद्धीवरच नाहीत. बोलतील कसे?" "बोललं की! म्या ऐकलं," म्हातारी म्हणाली. परतताना एसटीत सगळं ऐकून वडिलांनी विचारलं, "घाबरलीस का? ऱ्हाऊ दे का तो अर्ज?" माझे हात अजून गार होते, तरी मी म्हटलं, "न्हाई दादा, करायचाच." अर्ज केला, डॉक्टर झाले. त्या हाकेचा उलगडा मला अजून झालेला नाही. पण बेशुद्ध रोग्याला काही कळत नाही, असं मी त्याच्या माणसांना कधीच सांगत नाही.