उलट बोलणाऱ्यांचं टेबल

या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत लोकशाहीवर बोलून झाल्यावर मी श्रोत्यांना म्हटलं, आता तुम्ही बोला, माझं काय चुकलं ते सांगा. सगळे हसले. मग शाल आली, नारळ आला, आभारप्रदर्शन झालं. गाडीपर्यंत सोडायला आलेले अध्यक्ष म्हणाले, "ताई, काय बोललात. एक शब्द काढायची कुणाची छाती झाली नाही." त्यांना ती स्तुती वाटत होती. मी घरी आले आणि हावड्याचं तिकीट काढलं. जिथे माणसं कॉफीच्या एका कपावर दुपारभर भांडतात असं जन्मभर वाचत आले, ते शहर मला बघायचं होतं. शिवाय माझी भाची रेवा तिथेच कॉफीचं दुकान चालवते. भावाची बँकेत कोलकात्याला बदली झाली तेव्हा ती रांगत होती. पुढे ते तिकडचेच झाले.

हावड्याला उतरलात तर टॅक्सीच्या रांगेत उभे राहू नका. सामान कमी असेल तर स्टेशनासमोरच्या धक्क्यावरून लाँच घ्या. तिकीट चहापेक्षा स्वस्त आणि पलीकडे जाईपर्यंत पूल डोक्यावर. घाई असेल तर आता नदीखालून मेट्रोही जाते.

पहिल्या दिवशी कॉलेज स्ट्रीट. पुस्तकांच्या टपऱ्यांमधून वाट काढत त्या प्रसिद्ध जुन्या कॉफीगृहाचा जिना चढले. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, पांढऱ्या तुऱ्याच्या पगडीतले वेटर. इथे काळ्या कॉफीला इन्फ्युजन म्हणायचं, आणि तीच मागवायची, कारण दुधाची फार गोड असते. मी कान टवकारून बसले. डावीकडे चार मुली एकमेकींचे फोटो काढत होत्या. उजवीकडचं जोडपं वेटरला आपला व्हिडिओ काढायला सांगत होतं. मागच्या टेबलावर साठीपुढचे तिघे तावातावाने बोलत होते म्हणून खुर्ची सरकवली, तर विषय परदेशातल्या मुलांच्या व्हिसाचा निघाला. ज्या देवळात देव बघायला गेले तिथे सगळे देवळाचे फोटो काढत होते, आणि माझ्याही हातात मोबाइल होताच.

दुसरा दिवस दक्षिणेकडच्या नव्या कॅफेंसाठी ठेवला होता. हिंदुस्थान पार्क, जोधपूर पार्क इथल्या गल्ल्यांत जुन्या घरांच्या तळमजल्यावर ती आहेत. कॉफीला मात्र नावं ठेवणार नाही. ओडिशातल्या कोरापुटच्या बिया तिथेच भाजतात आणि तुमच्यासमोर कागदी गाळणीतून सावकाश गाळून देतात. एका कपाला दोनशेच्या वर धरून चला. पण त्या कॅफेंत ऐकू येतं ते फक्त यंत्र. प्रत्येक टेबलावर एक माणूस, एक लॅपटॉप, दोन कानांत दोन बोंडं. एकाला मी विचारलं, काय लिहितोयस? त्याने एक बोंड काढलं, अतिशय अदबीने 'सॉरी?' म्हणाला आणि भिंतीतला प्लग मला हवाय असं समजून उठून बाजूला झाला. मला रडू यायचं बाकी होतं.

संध्याकाळी लेक गार्डन्सला रेवाकडे गेले. लाल फरशी, हिरव्या झडपांच्या खिडक्या आणि खोलीच्या मधोमध एक लांबच लांब टेबल. टेबलाचा नियम बंगालीत भिंतीवर लिहिलेला: इथे बसाल तर शेजारचा तुमचं बोलणं मध्येच तोडेल, राग मानू नये. हाच तो अड्डा. आपल्याकडे अड्डा गुंडांचा असतो, तिकडे तो नुसत्या बोलण्याचा. मला वाटलं, आले मी मुक्कामी.

टेबलावर चौघेच होते. मधे मित्रबाबू. हे बजबजच्या ज्यूट गिरणीतून निवृत्त झालेले, रोज लोकलने इथे येणारे. रेवाने ओळख करून दिली तशी म्हणाले, "महाराष्ट्रातून कॉफी प्यायला आलात? ही आंबट आहे. मी गोळी घेऊन पितो." मग इतक्या लांबून ट्रेन पकडून का येता, असं विचारलं. "घरी सगळे माझं ऐकतात. बाबा, बरोबर आहे तुमचं, म्हणतात आणि टीव्हीकडे बघतात. इथे हा गाढव आहे." शेजारचा टक्कल पडलेला गृहस्थ मान डोलावून म्हणाला, "आणि मी याच्यासाठी येतो. याच्याइतकं चुकीचं अख्ख्या शहरात कुणी बोलत नाही."

रेवाने मला आत बोलावलं. तिची मराठी हिंदीच्या वळणाची, टेबलाला ती स्त्रीलिंगी करून टाकते. "आत्या, ही टेबल जाणार." दुकानातला भागीदार अनिर्बाण, त्याचं म्हणणं होतं की चार माणसांनी अर्धी खोली अडवली आहे, तिथे छोटी टेबलं मावतील. शेवटी त्यांचं ठरलं होतं: रविवारी टेबल भरलं तर राहील, नाहीतर सोमवारी सुतार येईल.

मग काय, मी कंबर कसली. बँकेतली, आयटीतली जेवढी मराठी कुटुंबं भावाच्या ओळखीची होती त्यांना फोन केले. माझ्या फेसबुकच्या पानावर लिहिलं. रेवाच्या मैत्रिणींना घरी जाऊन सांगितलं. रविवारी टेबल भरलंच, शिवाय भिंतीला टेकून माणसं उभी राहिली. रेवाच्या चेहऱ्यावर मी प्रथमच हसू पाहिलं. अनिर्बाण स्वतः कॉफी वाटत होता.

सुरुवात मित्रबाबूंनी केली. माझ्याकडे बघून म्हणाले, "दिदी, आम्ही या शहरात आयुष्यभर बोललो. गिरण्या बंद पडायच्या थांबल्या? बोलण्याने काय झालं ते सांगा."

असा प्रश्न मला घरी कुणी कधी विचारला नव्हता. यासाठीच तर मी आले होते. मी हिंदीत उत्तर द्यायला लागले. टक्कलवाल्यांनी मध्ये तोंड उघडलं, आणि सभेत करते तसा माझा हात वर गेला: थांबा, पूर्ण करू द्या. ते थांबले. मी उठून उभी राहिले. गिरण्या मालकांनी बंद केल्या, मी म्हणाले, पण त्या कुणी आणि का बंद केल्या हे तुम्हाला माहीत आहे, कारण कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी ते मोठ्याने बोललं. बोलणं थांबतं तेव्हा लूट थांबत नाही, फक्त तिला नाव उरत नाही. आजही मी यातला एक शब्द मागे घेणार नाही. माझा आवाज चढला, खोली शांत झाली, आणि मी बोलतच राहिले. माणसांनी खुर्च्या टेबलापासून वळवून माझ्याकडे तोंडं केली. मोबाइल वर झाले. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणाचे तरी डोळे पुसलेले मला दिसले.

मी बसले आणि वाट बघू लागले. कुणीच काही बोलेना. टक्कलवाल्यांना मी म्हटलं, तुम्ही मघाशी काही सांगत होतात. ते संकोचून म्हणाले, छे छे, आता त्यात काय राहिलं. मित्रबाबूंनी छत्री उचलली. "फार सुंदर बोललात. पण दिदी, ज्याला मध्ये तोडायची लाज वाटते त्याच्याबरोबर अड्डा होत नाही." लोकलची वेळ झाली म्हणाले. मी मागोमाग दारापर्यंत गेले. माझा मुद्दा तुम्हाला पटला का, एवढं तरी सांगा म्हटलं. त्यांनी हात जोडले आणि पायरी उतरले.

अनिर्बाण मात्र हरखून गेला होता. महिन्याला एक वक्ता, तिकीट, माईक. बसायला ओळीने खुर्च्या. व्हिडिओ रात्रीपर्यंत कुठच्या कुठे पोचला आणि लोक रेवाला विचारू लागले, पुढचं भाषण कधी? मी अनिर्बाणशी वाद घातला, अगदी कडाडून. तो शांतपणे म्हणाला, खुर्च्या मी फिरवल्या नाहीत, दिदी. रेवा गल्ल्यामागे उभी होती. "आत्या, टेबल भरली होती. पण टेबलासाठी नाही भरली. आता मी काय सांगू याला?"

सोमवारी सुतार आला. मी तेव्हा सियालदहच्या बाजारात उगीचच हिंडत होते.

घरी येऊन महिना झाला. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. कॉफी उत्तम आहे, मेट्रो सोयीची आहे, थंडीत हवा छान असते. मी आणलेल्या कोरापुटच्या बिया संपत आल्या आहेत. त्या खरोखरच आंबट आहेत, पण हे ज्याच्याशी भांडून बोलावं असं इथे कोणी नाही.

काल रेवाचा फोन आला. दुकानातल्या नव्या मालेतलं पहिलं भाषण झालं, खोली भरली. मित्रबाबूही आले होते म्हणाली, तिकीट काढून, दुसऱ्या ओळीत. मी घाईघाईने विचारलं, मग, काय म्हणाले ते?

"काहीच नाही," रेवा कौतुकाने म्हणाली. "शेवटपर्यंत इतकं शांत बसून ऐकलं त्यांनी. आणि टाळ्या वाजवल्या."