सोलेनची सरळ रेघ

सोलेनला पट्टी कधी लागली नाही. फ्रान्समध्ये नांतच्या कलाशाळेत तिला शिकवणारे खडूस सर म्हणायचे, "डावा डोळा मिटून रेघ ओढ, दोन डोळे आपसात भांडतात. आणि झालेलं चित्र पालथं ठेव. परत बघशील तर बिघडवशील." सर गेले. सोलेन ब्रिस्टलला आली, आधी कॅफेच्या पाट्या रंगवल्या, मग ग्रीटिंग कार्डं, मग मुलांची अकरा पुस्तकं. पण सरांचे नियम तिने व्रतासारखे पाळले. तिची घरं इतकी ताठ, नेटकी, की मुलं बोट ठेवून खिडक्या मोजत. तिचा नवरा नकुल अकोल्याचा, विमानांचे पंख तपासणारा इंजिनियर. तोही म्हणे, "माझी स्टीलची पट्टी एकीकडे आणि तुझा हात एकीकडे."

बाराव्या पुस्तकाची चित्रं पाठवली आणि लंडनहून संपादिका अबिगेलचा फोन आला.

"सोलेन, काय कमाल केलीयस! भिंती कशा लाटांसारख्या झुलतायत! सेल्स टीम तर या नव्या स्टाइलवर फिदा आहे."

सोलेनने थँक्यू म्हणून फोन ठेवला. तिने भिंती सरळ काढल्या होत्या.

छापलेली पानं आली तेव्हा तिने नियम मोडून ती नीट पाहिली. खरंच, प्रत्येक घराला पोटात कळ आल्यासारखा बाक होता. हात गेला आपला, असंच तिला वाटलं. तिने कॉफी सोडली, सासूबाईंनी फोनवर सांगितलेलं तेल मनगटाला चोळलं, रोज सकाळी शंभर रेघा ओढल्या. ओढताना सगळ्या सुतासारख्या सरळ. संध्याकाळी वही उघडावी तर त्याच रेघा वाकलेल्या. तिला अन्न गोड लागेना.

कौतुकाला मात्र ऊत आला होता. पुस्तक बक्षिसाच्या यादीत गेलं, अबिगेलने वाकड्या घरांची अख्खी गल्लीच मागवली. जग टाळ्या वाजवत होतं आणि ही बाई स्वतःच्या हाताला घाबरून बसली होती. हात गेला तर आपण कोण?

रविवारी नकुल चहा करत असताना तिने त्याच्या बॅगेतून पट्टी काढली. तीस वर्षांत पहिल्यांदाच. सवयीने डावा डोळा मिटला आणि नुकत्याच ओढलेल्या रेघेला पट्टी लावली.

रेघ सरळ होती. पट्टी मधोमध वाकली होती.

तिला इतकं हायसं वाटलं, की ती ओरडलीच, "नकुल, तुझीच पट्टी वाकलीय!"

नकुलने पट्टी खिडकीच्या उजेडात धरून तिच्या धारेवरून नजर फिरवली. "छे गं, एकदम परफेक्ट आहे." मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. "तो डोळा उघड बरं."

तिने उघडला. पट्टी सरळ झाली. मिटला, पुन्हा वाकली. हात बिचारा धडधाकट होता. नुसत्या उजव्या डोळ्याने तिसऱ्यांदा बघायची तिची छाती झाली नाही.